चौथ्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट

मित्रांनो, मी जाळीच्या दारांची एक जुनी लिफ्ट. जाळीची दारं म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काहींना आईवडिलांना विचारावं लागेल. तुमच्या नव्या इमारतींत दारं आपोआप सरकतात, आत गार वारा येतो आणि एक बाई गोड आवाजात मजला सांगते. माझ्यात यातलं काही नाही. मला एक आतलं दार आहे आणि प्रत्येक मजल्यावर एक बाहेरचं. दोन्ही हाताने ओढून लावावी लागतात. नीट लागलं की दार ‘खट्ट’ म्हणतं. खट्ट झालं की मी हलते. नाही झालं तर बटण दाबून दाबून तुमचं बोट झिजलं तरी मी जागची हलत नाही. हा माझा हट्ट नाही. दार उघडं असताना मी चालू लागले तर कोणाचा तरी हात जाईल, पाय जाईल, म्हणून मला घडवणाऱ्यांनी माझी रचनाच तशी करून ठेवली आहे. एवढं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला सगळं भोवलं ते यातूनच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी पट्ट्या कापून आणि रिव्हेट ठोकून माझी दारं झाली. आतून लाकडी फळ्या बसवल्या, एक आरसा लावला आणि ‘फक्त चार माणसे’ अशी पितळी पाटी ठोकली. सुट्या भागांत ट्रकमधून मी या इमारतीत आले तेव्हा हिच्या भिंती अजून ओल्या होत्या. जोडणी झाल्यावर मिस्त्री लोकांतला सगळ्यात जाडजूड गडी आत चढला आणि म्हणाला, “हिनं मला नेलं तर ही कोणालाही नेईल.” मी त्याला अलगद नेलं. त्या दिवशी इमारतीतले सगळे लोक काही काम नसताना दिवसभर वरखाली करत होते. माझा आनंद गगनात मावत नव्हता, जायला मिळत होतं ते मात्र सहाव्या मजल्यापर्यंतच.

त्यानंतर मी काय काय वाहिलं म्हणून सांगू! कपाटं, गाद्या, शिलाई मशिनं, दवाखान्यातून घरी येणारी तान्ही बाळं. भांडून पाय आपटत बाहेर पडलेल्या नवऱ्यांना मी खाली नेलं आणि थोड्या वेळाने दुधाची पिशवी घेऊन आल्यावर गुपचूप वर नेलं. मुलाखतीला निघालेल्या पोरांनी माझ्या आरशात भांग पाडले. शाळेतून येणारी कार्टी सगळी बटणं एकदम दाबून पळून जायची आणि मी बापडी प्रत्येक मजल्यावर थांबत जायची. मला राग यायचा, पण तो राग लटका होता. सुट्टीत मुलं गावाला गेली की मलाच करमत नसे.

मग आजूबाजूला नव्या इमारती झाल्या. पाहुणे माझ्याकडे बघून म्हणू लागले, “बाप रे, ही अजून चालते?” माझा आरसा तडकला, तो कोणी बदलला नाही. मी कुठल्या मजल्यावर आहे ते दाखवणारे दिवे गेले, ते गेलेच. वंगण घालायला येणारा लिफ्टवाला वर्षातून कधीतरी उगवायचा आणि “म्हातारी चिवट आहे” असं म्हणून जायचा. चिवट तर चिवट. मी माझं काम करत राहिले.

या इमारतीची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. घाईत कोणीतरी बाहेरचं दार अर्धवट लोटून जायचं. मी तिथेच अडकायची. वेगळ्या मजल्यावरून कोणी बटण दाबलं की माझी घंटी घणघण वाजायची आणि मग इमारतभर आरोळी उठायची, “ए, दार लावा!” ज्याचं दार असेल तो जीभ चावत बाहेर यायचा आणि दार ओढायचा. रोज दोनचारदा तरी हे चालायचं. यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

या आरोळ्यांमध्ये सगळ्यांच्या वरचा आवाज होता हॅलोबाईंचा. त्या सहाव्या मजल्यावर राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी आयुष्यभर ऑपरेटरचं काम केलं होतं, त्या काळात लाइन खराब असली की ओरडून बोलावं लागे, आणि तो आवाज निवृत्त झाल्यावरही त्यांनी घरी आणला होता. त्यांनी सहाव्यावरून “चौथा मजला! दार!” एवढं म्हटलं की तळमजल्यावरचा वॉचमनसुद्धा दचकून स्वतःच्या खोलीचं दार लावायचा. अंगाने त्या चांगल्या भारदस्त होत्या आणि गुडघ्यांनी दगा दिलेला होता. जिना त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी म्हणजेच त्यांचा रस्ता होते. आत आल्या की माझ्या फळीवर थोपटायच्या आणि म्हणायच्या, “चला बाई, आपण दोघी म्हाताऱ्या.”

त्यांचे यजमान टेलरकाका. काडीसारखे किडकिडीत, बोलणं कमी, गळ्यात कायम मोजायची टेप. दोघं शेजारी उभी राहिली की मुलं तोंड दाबून हसायची. काका बाहेरून आले की हॅलोबाई वरूनच विचारायच्या, “आणलंत का?” आणि काका खालूनच मान हलवायचे, जसं काही त्यांना दिसणारच होतं. मूलबाळ नव्हतं. एकमेकांची सावली असल्यासारखी ती दोघं राहत होती.

मित्रांनो, मग तो आजार आला. तुमच्यातले काही जण तेव्हा फार लहान असतील. रस्ते ओस पडले. दुकानांची शटर खाली आली. माणसं माणसांना बघून रस्ता बदलू लागली, आणि माझ्या जाळीला तर हात लावायला सगळे घाबरू लागले. कोणी कोपराने दार लोटायचं, कोणी छत्रीच्या टोकाने, कोणी कागदाच्या बोळ्याने. तुम्हीच सांगा, कोपराने लोटलेलं दार कुठे खट्ट म्हणतं? मी दिवसभर कुठे ना कुठे अडकून पडायची आणि घंटी वाजत राहायची.

तेवढ्यात मुलांच्या शाळा मोबाइलवर भरायला लागल्या आणि मोठ्यांची ऑफिसं जेवणाच्या टेबलावर. माझी घंटी सगळ्यांच्या डोक्यात जाऊ लागली. “बाई शिकवतायत ते ऐकूच येत नाही,” मुलांनी तक्रार केली. “साहेबांसमोर नाचक्की होते,” मोठे म्हणाले. चौथ्या मजल्यावरचे सेक्रेटरीसाहेब इमारतीचा कारभार बघायचे. त्यांनी वॉचमनला स्टुलावर चढवलं आणि माझ्या घंटीत एक जुना मोजा कोंबायला लावला. झालं, माझा आवाज बंद. सगळ्यांना बरं वाटलं. खरं सांगू? मलाही तेव्हा फारसं काही वाटलं नाही. उगाच शिव्या खाण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, असं मला वाटलं.

सेक्रेटरीसाहेबांनी आणखी एक गोष्ट केली. या इमारतीत जिना एका टोकाला आहे आणि मी दुसऱ्या टोकाला, मधे लांब पॅसेज. प्रत्येक मजल्यावर जिना जिथे पॅसेजला मिळतो तिथे लोखंडी जाळी होती, ती कधी कोणी लावत नसे. आता प्रत्येक मजल्याने आपापल्या जाळीला कुलूप घातलं आणि किल्ल्या आपापल्या घरात ठेवल्या. म्हणजे जिन्याने कोणीही वरखाली करावं, पण परक्या मजल्याच्या पॅसेजमध्ये पाय ठेवता येणार नाही. साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांची बायको आठवडाभर हॉस्पिटलात काढून नुकतीच घरी आली होती आणि त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. भ्यालेल्या माणसाला कुलूप दिसलं की बरं वाटतं.

सगळंच काही वाईट नव्हतं. टेलरकाकांनी साठवलेल्या कापडातून अख्ख्या इमारतीसाठी मास्क शिवले. पडद्याचं एक निळ्या फुलांचं कापड उरलं होतं, त्यात सगळे मास्क निघाले. काका मास्कच्या पिशव्या माझ्यात ठेवायचे आणि हॅलोबाई वरून पुकारायच्या, “तिसरा मजला, बोलवून घ्या!” मग तिसऱ्यावरून बटण दाबलं जायचं. थोड्याच दिवसांत वॉचमनपासून सेक्रेटरीसाहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडावर निळी फुलं दिसायला लागली. हॅलोबाई म्हणायच्या, “इमारत आहे का खिडकी?”

मग ती दोघंच आजारी पडली. काकांना नुसता ताप होता, हॅलोबाईंचा खोकला मात्र जाता जाईना. घरातच राहा, दाराबाहेर पडू नका, असं त्यांना सांगण्यात आलं. चूल कोण पेटवणार, हा प्रश्न होता. तेव्हा चौथ्या मजल्यावरची सूनबाई पुढे आली.

तिला सूनबाई म्हणायचे, कारण तिची सासू तिला दारातून तशी हाक मारायची आणि ऐकून ऐकून सगळी इमारत तेच म्हणू लागली. सासू गाड्या बंद झाल्यामुळे लेकीकडे अडकली होती. नवरा पाणीपुरवठ्यात कामाला, तो रोज ड्यूटीवर. सूनबाई घरी बसून फोनवर नोकरी करायची. लोक कुठून कुठून फोन करून मशीन बिघडल्याच्या तक्रारी सांगायचे आणि ती कानाला मोठाले हेडफोन लावून “समजलं सर, मी मदत करते” म्हणायची. हॅलोबाईंना तिचं फार कौतुक. “आमच्याच खात्यातली आहेस गं तू,” असं त्या म्हणायच्या.

रोज दुपारी सूनबाई मला चौथ्यावर बोलवायची, माझ्यात ठेवलेल्या एका स्टुलावर गरम डबा ठेवायची, दार लावायची आणि वर तोंड करून हाक द्यायची, “ठेवलाय हो डबा!” मग काका वरून बटण दाबायचे. मी डबा घेऊन वर जायची. माणूस नाही, नुसता डबा. पण मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी इतकं जपून काही नेलं नसेल. तो वास माझ्या फळ्यांमध्ये भरून राहायचा आणि मला वाटायचं, चला, आपण अजून कोणाच्या तरी उपयोगाच्या आहोत.

आता त्या दुपारचं सांगते.

सकाळपासून हॅलोबाईंचा श्वास नीट होत नव्हता. बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा खाली खाली चालला होता. काका एका हाताने त्यांना वारा घालत होते आणि दुसऱ्या हाताने फोन फिरवत होते. कुठेच जागा नव्हती. दुपारी एका हॉस्पिटलने सांगितलं, एक खाट रिकामी झाली आहे, लगेच आलात तर तुमची. अँब्युलन्सही मिळाली. काका त्यांना म्हणाले, “उठतेस ना गं? लिफ्टपर्यंतच चालायचंय. पुढं ते लोक बघतील.” हॅलोबाई मान हलवून उठल्या. भिंतीला धरून धरून पॅसेजमधून माझ्या दारापर्यंत आल्या आणि काकांनी आणलेल्या खुर्चीवर बसल्या.

त्याच वेळी मी चौथ्यावर होते. सूनबाईने नुकताच डबा ठेवला होता. ती आतलं दार लावून बाहेरच्या दाराला हात घालणार तोच घरात तिचा फोन वाजला. त्यांच्या कामात फोन तीनदा वाजायच्या आत उचलावा लागतो, नाहीतर साहेब लोक जाब विचारतात. ती धावली. धावता धावता तिने दार कंबरेने लोटलं. दार आलं, जवळजवळ सगळं आलं. बोटभर फट राहिली. खट्ट झालं नाही.

तिला वाटलं, झालं. आत जाऊन तिने हेडफोन चढवले. त्या दिवशी ती हाक द्यायचीही विसरली.

काकांनी वर बटण दाबलं. मी ऐकलं. माझ्या सगळ्या तारा, माझा मागचा वजनाचा दगड, माझी मोटर, सगळं ठणठणीत होतं. वीज होती. मी जागची हलले नाही. काकांनी पुन्हा दाबलं. माझी घंटी मोज्यात तोंड खुपसून घुंई घुंई करत राहिली, तो आवाज माझ्या छपरापर्यंतही पोहोचला नसेल. खाली अँब्युलन्स येऊन उभी राहिली. पांढऱ्या प्लास्टिकच्या डगल्यातले दोघं उतरले. वॉचमनने खालचं बटण दाबलं. मी तरीही हलले नाही.

“दार लावा!” वॉचमन ओरडला. “कोणाचं दार उघडंय? दार लावा हो!”

मित्रांनो, दारं उघडली नाहीत असं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दार किलकिलं करून आपल्या पॅसेजमध्ये पाहिलं, आपलं जाळीचं दार बंद आहे, आत गेले. तिसऱ्यावर तेच, पाचव्यावर तेच. आपल्याकडचं बंद आहे ना, मग झालं. कोणी खिडकीतून अँब्युलन्स पाहिली आणि पडदा ओढून घेतला. सगळ्यांच्या तोंडावर निळी फुलं होती.

वर काकांनी जाळीला डोळा लावून खाली पाहिलं. त्यांना माझं छप्पर दिसलं. “चौथ्यावर आहे,” ते म्हणाले. हॅलोबाईंनी त्यांचा हात दाबला आणि खुर्चीत जरा सावरून बसल्या. त्यांना हाक मारायची होती. त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि नुसता खोकला आला. खोकून खोकून त्यांचे डोळे पाण्याने भरले. पुन्हा प्रयत्न केला. मला खाली ऐकू आलं ते एवढंच, “चौ...” मी चौथ्या मजल्यावर उभी राहून ते ऐकत होते.  समोर बोटभर फट होती. एका लहान मुलाने पायाने ढकललं असतं तरी दार लागलं असतं.

काका जिन्याने खाली धावले. चौथ्या मजल्याच्या जाळीला कुलूप होतं. ती जाळी दोन्ही हातांनी हलवत ते ओरडले, “अहो, कोणी आहे का? लिफ्ट तुमच्या मजल्यावर आहे! दार राहिलंय! सूनबाई!”

सूनबाई दाराआड कोणाला तरी सांगत होती, “समजलं सर, मशीन एकदा बंद करून चालू करा.” तिच्या दोन्ही कानांवर हेडफोन होते.

सेक्रेटरीसाहेबांनी मात्र ऐकलं. त्यांनी दाराच्या भोकातून पाहिलं आणि आतूनच ओरडले, “काका, तुम्ही बाहेर कसे आलात? तुम्ही पॉझिटिव्ह आहात! आधी वर जा!”

“जातो, जातो हो. तेवढं दार लावा. तिला न्यायचंय.”

“लावतो ना! तुम्ही वर गेलात की लगेच येतो. तुम्ही तिथं उभे असताना मी दार कसं उघडू? घरात आजारी माणूस आहे.”

“तुम्ही लावा, मी लगेच जातो.”

“काका, ऐका माझं. आधी तुम्ही जा.”

काकांना वाटत होतं, आपण गेलो तर हे येणार नाहीत. साहेबांना वाटत होतं, हे जात नाहीत तोवर बाहेर पडता येणार नाही. दोघांचंही खोटं नव्हतं. दार माझ्यासमोर तसंच उघडं होतं आणि ते दोघं एकमेकांना “आधी तुम्ही, आधी तुम्ही” करत राहिले. साहेबांनी घरातून लिफ्टवाल्यालाही फोन लावला. तो म्हणाला, रस्त्यावर अडवतात, पास काढून उद्या येतो.

तोवर डगल्यातले दोघं जिना चढत आले. काकांना जाळी धरून उभं पाहून त्यांच्यातला एक म्हणाला, “आजोबा, थांबायला वेळ नाही. ती खाट कोणी राखून ठेवणार नाही. खुर्ची आहे ना? खुर्चीवरून नेतो.” काकांनी जाळी सोडली आणि ते त्यांच्या मागोमाग वर गेले.

सहाव्या मजल्यावरून खुर्ची निघाली. काकांनी हॅलोबाईंना आपल्या हातच्या एका चादरीने खुर्चीला बांधलं. अँब्युलन्सवाल्यांनी काकांना सोबत येऊ दिलं नाही, पेशंटबरोबर कोणाला न्यायचा नियम नव्हता. मला दिसत काही नव्हतं, जिना दुसऱ्या टोकाला. मला ऐकू येत होतं. खुर्चीचा पाय पायरीला लागल्याचा आवाज. “जरा टेका, जरा टेका.” “घाम आला रे, दिसत नाहीये काही.” आणि प्रत्येक वळणावर त्या श्वासाचा आवाज. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी जिना दाखवला नव्हता. ज्या माणसाला उचलायला मला बनवलं होतं, ते माणूस पॅसेजच्या दुसऱ्या टोकाने जात होतं, आणि मी डबा सांभाळत उभी होते.

ती खुर्ची चौथ्याच्या वळणावर आली तेव्हा सूनबाईचं दार उघडलं. तक्रारवाला बोलून संपला असावा. हेडफोन गळ्यात होते. तिने जिन्याच्या जाळीपलीकडे खुर्ची पाहिली, चादर पाहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. बोटभर फट पाहिली, स्टुलावरचा डबा पाहिला.  धावत येऊन तिने दोन्ही हातांनी दार ओढलं.

खट्ट.

वर काकांचं बोट अजून बटणावरच होतं. खुर्ची गेली तरी ते तिथेच उभे राहून दाबत होते. मी सुटले. आयुष्यात कधी गेले नसेन अशी वर गेले. सहाव्यावर पोहोचले. काकांनी दार उघडलं. आत स्टूल, त्यावर डबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “आता आलीस होय?”

रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. डबा उचलून घरात गेले.

हॅलोबाई परत आल्या नाहीत. खाट मिळाली होती, ऑक्सिजनही लावला होता, असं हॉस्पिटलमधून फोनवर कळलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला, आणि त्यानंतर काही कळवण्यासारखं उरलं नाही. आम्ही थोडं आधी पोहोचवलं असतं तर त्या वाचल्या असत्या का? कोणी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. कदाचित नसत्याही वाचल्या. मी त्या “कदाचित”ला धरून बसले आहे.

सूनबाईला ते धरता येईना. दुपारी कामातून सुट्टी मिळाली की ती माझ्यापाशी यायची आणि चौथ्याचं दार उघडायची, लावायची. खट्ट. पुन्हा उघडायची, पुन्हा लावायची. खट्ट. कोणी येताना दिसलं की घरात जायची. डबा मात्र तिने एक दिवसही चुकवला नाही. आता ती डबा ठेवून दार दोनदा ओढून बघायची, पण “ठेवलाय हो” असं ओरडायला तिचा आवाज फुटत नसे. काका आपले अंदाजाने बटण दाबायचे.

काकांना बाहेर पडायची मोकळीक मिळाली तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यात आले. त्यांच्या हातात धुऊन पुसून लख्ख केलेला एक डबा होता. रोजचे डबे ते रोज परत करत होते, हा एकच मागे राहिला होता. त्यांनी चौथ्याचं बटण दाबलं. मी थांबल्याचा आवाज ऐकून सूनबाई बाहेर आली आणि त्यांना पाहून जागीच थबकली.

“हा तुझा डबा राहिला होता बघ माझ्याकडे,” काका म्हणाले. “रिकामाच देतोय गं. काय घालून द्यायचं ते ती बघायची.”

“काका, राहू दे ना.”

“त्या दिवशी रात्री तोच खाल्ला मी. गार झाला होता. पण नसता तर उपाशी राहिलो असतो.”

सूनबाईने डबा घेतला.  “काका, त्या दिवशी ते दार...”

“राहिलं असेल कोणाचं तरी,” काका तिचं बोलणं तोडत म्हणाले. “घाईत राहतं. आमचंसुद्धा किती वेळा राहायचं, तुला माहिती आहे ना, ती कशी ओरडायची.” मग माझ्या फळीकडे बघत ते म्हणाले, “ज्याचं राहिलं असेल त्याला देवानं ते कळू देऊ नये. उगाच जन्मभर जिवाला लावून घेईल.”

डबा माझ्यात होता, म्हणजे मी कोणाच्या दारात अडकले होते, हे त्यांना कळलं नसेल का? माप घेऊन आयुष्य काढलेला माणूस तो. मला वाटतं, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सूनबाईलाही त्या क्षणी ते उमगलं असावं, कारण ती डबा छातीशी धरून तिथेच खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. काका माझ्यातून बाहेर आले नाहीत. अजून माणसं एकमेकांच्या जवळ जात नव्हती. ते जाळीच्या अलीकडे उभे राहून नुसतं “असू दे, असू दे” म्हणत राहिले. तिच्या पाठीवरून हात फिरवावा असं त्यांना वाटत होतं, मला दिसत होतं. हात अर्धा वर येऊन परत खाली गेला.

मित्रांनो, दार नीट लावा, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी दुसरंच मागते. बाहेरून कोणी कळवळून हाक मारली, आणि तुम्ही पाहिलं की आपलं दार तर बंद आहे, आपल्याकडे काही राहिलेलं नाही, तर तेवढ्यावर आत जाऊ नका. भीती वाटली तर तोंड बांधा, लांब उभे राहा, पण बाहेर या आणि विचारा, काय हवंय. त्या दुपारी सगळ्या मजल्यांवर चांगली माणसं होती, आणि मीही धडधाकट होते. आमच्यातलं कोणीही हॅलोबाईंना खाली नेऊ शकलं नाही.